गाठीचा जनुक अहवाल: तेरा-चौदा महिन्यांत तीन वेळा घेतलेल्या सेवेचे परीक्षण

कर्करोगाच्या गाठीतील जनुकीय बदल तपासून देणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेची सेवा आम्ही मे २०२४ ते जून २०२५ या काळात तीन वेळा घेतली. दोन वेळा रक्ताचा नमुना दिला आणि एकदा गाठीचा तुकडा. प्रयोगशाळा सोलापुरात नाही. येथे तिचे केवळ संकलन केंद्र आहे, नमुना येथून बाहेरगावी जातो आणि अहवाल मोबाइलवर येतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्यांतील निम्म्या तिच्या एकटीच्या नाहीत, आणि ज्यांच्यावर ही चाचणी करण्याची वेळ येईल त्यांना अहवाल कसा वाचायचा हे कळले तर ते कोणत्याही कंपनीचा अहवाल वाचू शकतील.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यात बत्तीस वर्षे सूत खरेदी आणि रंगखाते सांभाळले. सुताची गाठ आली की वरची एक लडी काढायची, काउंट तपासायचा, रंगात बुडवून शेड पाहायची आणि मग गाठ मागावर चढवायची, हे माझे काम. एकदा वरची लडी अगदी निर्दोष निघाली, सगळी गाठ रंगवली, आणि चारशे चादरींत मधोमध फिकट पट्टा उठला, कारण आतले सूत दुसऱ्या लॉटचे होते. तपासणी चुकलेली नव्हती. लडीचा अहवाल लडीपुरता खरा होता. थोरल्या बहिणीच्या आजारपणात ही जुनी गोष्ट मला इतक्या वेळा आठवली, की तिच्याशिवाय हे परीक्षण लिहिणे मला जमले नसते.

अक्का ६३ वर्षांची आहे. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, आणि सोलापुरात हे वेगळे विचारले जाते म्हणून सांगतो, वळलीही नाही. डिसेंबर २०२२ पासून कोरडा खोकला होता; गड्डा यात्रेच्या धुळीने वाढला असेल असे म्हणून आम्ही जानेवारी घालवला. मग छातीच्या उजव्या बाजूला पाणी झाले, ते काढले, क्षयरोगाची औषधे सुरू करावीत की नाही यात दोन आठवडे गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुईने घेतलेल्या तुकड्यातून अडेनोकार्सिनोमा या प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याच तुकड्यावर रुग्णालयाने ईजीएफआर या एका जनुकाची चाचणी करून घेतली, आणि त्यात एक्झॉन १९ या भागातील डीएनएची काही अक्षरे गळाल्याचे आढळले. धूम्रपान न करणाऱ्या आशियाई स्त्रियांमध्ये हा प्रकार विशेष दिसतो. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या लक्षात आले, की गेफिटिनिब नावाची गोळी ज्या थोड्या रुग्णांना विलक्षण लागू पडते त्यांच्या गाठीत ईजीएफआरचे असे बदल असतात, आणि तेव्हापासून फुफ्फुसाच्या या कर्करोगात आधी जनुक आणि मग गोळी असा क्रम पडला.

अक्काला दोन पर्याय सांगितले गेले. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी पहिल्यापासून घेतली तर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने आणि जुन्या गोळ्यांनी १०.२ महिने, हे फ्लॉरा या चाचणीचे आकडे डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले आणि शेजारी दोन्हींचा महिन्याचा खर्चही लिहिला. खर्चाचा आकडा पाहून आम्ही गेफिटिनिब घेतली. त्याची खंत आहे, पण ती या परीक्षणाचा विषय नाही. गोळीने काम चोख केले. खोकला तीन आठवड्यांत थांबला आणि अक्का पुन्हा पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालू लागली. सुमारे चौदा महिन्यांनी, एप्रिल २०२४ च्या स्कॅनमध्ये छातीच्या मध्यभागातील एक लसिकाग्रंथी वाढलेली दिसली आणि यकृतात एक लहान ठिपका.

असे होणारच होते, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. गेफिटिनिबवर असलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक जणांमध्ये त्याच ईजीएफआर जनुकात टी७९०एम नावाचा दुसरा बदल उद्भवतो. प्रथिनाच्या ७९० व्या जागी थ्रिओनिनच्या ऐवजी मेथिओनिन बसते, त्यामुळे ते प्रथिन पेशीतील इंधनाला म्हणजे एटीपीला अधिक घट्ट धरते आणि त्याच जागेसाठी झगडणारी गोळी मागे पडते. हा बदल असेल तर ओसिमर्टिनिब लागू पडते, कारण ती शेजारच्या ७९७ व्या जागेवरील सिस्टीनला कायमची चिकटते. अमेरिकेत तिला नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती याच कामासाठी. म्हणजे आमच्यापुढे प्रश्न एकच होता, टी७९०एम आहे की नाही, आणि त्यासाठी रक्तावरची चाचणी सुचवली गेली.

गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात आणि काही तासांत नाहीसे होतात. ते तुकडे पकडून वाचणे, ही या चाचणीची कल्पना. सुई थेट गाठीत घालावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तत्त्वतः आणखी एक गुण आहे: शरीरात पाच ठिकाणी रोग असेल तर पाचही ठिकाणचे तुकडे एकाच रक्तात मिसळतात, त्यामुळे एका जागेच्या तुकड्यातून न दिसणारे बदलही दिसू शकतात. कंपनीच्या माहितीपत्रकात हे सगळे चांगल्या शब्दांत लिहिले आहे. तुकडे सोडायचे की नाही हे गाठ ठरवते, ही ओळ मात्र त्यात नाही.

पहिल्या वेळचे संकलन गोंधळाचे झाले. सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी सकाळी साडेआठला मुलगा आला, तो नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळ्या घेऊन. डॉक्टरांनी मला बजावले होते की यासाठी वेगळ्या नळ्या लागतात, ज्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी फुटू नयेत म्हणून द्रव्य घातलेले असते; साध्या नळीतल्या पेशी प्रवासात फुटल्या तर त्यांचा निरोगी डीएनए बाहेर पडतो आणि गाठीचे मूठभर तुकडे त्यात बुडून जातात. मी तसे म्हटल्यावर त्या मुलाने फोन लावला, हो-नाही झाले, आणि तो म्हणाला, “मावशी, उपाशी राहू नका, मी दुपारी येतो.” दुपारी तो योग्य नळ्या घेऊन आला. दहा मिलीलिटरच्या दोन नळ्या त्याने भरल्या आणि सांगितल्याप्रमाणे त्या हळूहळू आठ-दहा वेळा उलट्या-सुलट्या केल्या. एवढे त्याला नीट शिकवलेले होते. मात्र मे महिन्याच्या भर दुपारी त्या नळ्या त्याने दुचाकीच्या डिकीत ठेवायला घेतल्या, तेव्हा मला पुन्हा बोलावे लागले. या नळ्या गोठवायच्या नसतात तशा तापूही द्यायच्या नसतात, आणि सोलापुरातल्या मे महिन्यात दुचाकीची डिकी म्हणजे भट्टीच. शेवटी त्या त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत गेल्या. संकलनाला मी पाचपैकी दोन गुण देतो, आणि तेही त्या मुलाच्या स्वभावाला.

अहवाल अकराव्या दिवशी आला. पहिल्या पानावर वरच्या बाजूला हिरवा पट्टा, त्यात ठळक अक्षरांत ‘उपचारयोग्य बदल आढळले नाहीत’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य. त्याखाली टी७९०एमच्या पुढे ‘आढळले नाही’. त्याच संध्याकाळी कंपनीच्या समुपदेशक बाईंचा फोन आला आणि त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, “सर, रिपोर्ट क्लिअर आहे.” घरात त्या रात्री मंडळी गोंधळून गेली. स्कॅनमध्ये रोग वाढलेला आणि अहवाल क्लिअर, याचा अर्थ लागेना. पुतण्या म्हणाला, स्कॅनच चुकला असेल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल हातात घेतला तेव्हा पहिले पान पाहिलेही नाही. ते थेट मागच्या तक्त्याकडे गेले, बोट खाली खाली नेत एक्झॉन १९ ची ओळ शोधली आणि मला विचारले, “काका, हा कुठे गेला?” एक्झॉन १९ ची गळती फेब्रुवारी २०२३ मध्ये सिद्ध झाली होती, ती अक्काच्या रोगाच्या मुळातच आहे, ती नाहीशी होणे शक्य नाही. तीही रक्तात ‘आढळली नाही’, याचा अर्थ त्या दिवशीच्या वीस मिलीलिटर रक्तात गाठीचा डीएनए मोजण्याइतका आलाच नव्हता. मग टी७९०एम सापडले नाही याला काय किंमत? ज्या गाठीत तो बदल खरोखर असतो त्यांतल्याही दहापैकी तीन-चार जणांच्या रक्तात तो निसटतो, हे जुन्या अभ्यासांतून ठाऊक आहे, आणि म्हणूनच जून २०१६ मध्ये अमेरिकेने रक्तावरच्या पहिल्या ईजीएफआर चाचणीला मान्यता दिली तेव्हाच रक्तात नकार आल्यास तुकड्यावर तपासावे अशी अट घातली होती. आमच्या अहवालात हे लिहिलेले होते. सोळाव्या पानावर, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

माझी या सेवेबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे, म्हणून ती सावकाश मांडतो. गाठ ही एकजिनसी वस्तू नसते. तिची कल्पना एका मोठ्या घराण्यासारखी करावी. आडनाव सगळ्यांचे एक, कारण मूळ पुरुष एक. पण चार-पाच पिढ्यांत वाटण्या होतात, एक शाखा बार्शीला, एक अक्कलकोटला, एक गावातच, आणि प्रत्येक शाखेचे स्वभाव, धंदे, खोडी वेगळ्या. कर्करोगाचेही तसेच आहे, हे पीटर नोवेल यांनी १९७६ मध्ये मांडले: गाठ एका पेशीपासून सुरू होते, वाढताना तिच्या वंशजांत नवनवे बदल होत जातात आणि त्यांतल्या टिकाऊ शाखा पुढे येतात. जे बदल सुरुवातीलाच झाले ते सर्व पेशींत असतात. अक्काच्या बाबतीत एक्झॉन १९ ची गळती हे आडनाव. नंतर झालेले बदल एखाद्या शाखेपुरते असतात. टी७९०एम हा तसा बदल. अशा वेळी चौकशी करणाऱ्याने आधी आडनाव विचारावे. दारात उभा राहिलेला माणूस त्या घराण्याचाच नसेल, तर घराण्यातील धाकट्या शाखेबद्दल त्याचे ‘मला माहीत नाही’ हे उत्तर कशाचाच पुरावा होत नाही. कंपनीकडे अक्काचा जुना अहवाल होता, नोंदणीच्या वेळी आम्ही तो जोडला होता. तो पाहून पहिल्या पानावर एवढेच लिहायचे होते, की आधीचा ज्ञात बदल या नमुन्यात दिसत नाही, म्हणून हा निकाल नकारार्थी मानू नये. त्याऐवजी हिरवा पट्टा आला.

शाखा किती दूर जाऊ शकतात, याचा सर्वांत बोलका पुरावा २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वान्टन यांच्या गटाने दिला. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या एकाच गाठीतून आणि तिच्या पसरलेल्या ठिकाणांतून अनेक तुकडे घेऊन त्यांनी प्रत्येकाचे जनुक स्वतंत्रपणे वाचले, आणि सापडलेल्या बदलांपैकी ६३ ते ६९ टक्के बदल प्रत्येक तुकड्यात नव्हते. एकाच गाठीच्या एका कोपऱ्यातून रोगाचा कल चांगला असल्याची खूण मिळाली आणि दुसऱ्या कोपऱ्यातून वाईट असल्याची. हे वाचले तेव्हा मला माझी ती चारशे चादरींची गाठ दिसली. लक्ष्यवेधी औषध एका विशिष्ट बदलावर नेम धरते. तो बदल ज्या पेशींत आहे त्या मरतात, ज्या थोड्या पेशींत आधीपासून वेगळा बदल होता त्या मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. औषध नापास झाले असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याने एका शाखेचे शेत दुसरीला मोकळे करून दिलेले असते.

दुसऱ्या चाचणीसाठी तुकडा लागणार होता. कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले, “सर, जुना ब्लॉक आहे ना, तोच पाठवा, नवीन बायोप्सीचा खर्च वाचेल.” हा सल्ला चुकीचा होता आणि तो पुढेही दिला जात असेल म्हणून स्पष्ट लिहितो. फेब्रुवारी २०२३ चा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तेव्हाचा तुकडा, औषध सुरू होण्यापूर्वीचा. औषधाच्या दडपणाखाली पंधरा महिन्यांत काय वर आले, हे त्यात कोठून दिसणार? डॉक्टरांनी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून वाढलेल्या लसिकाग्रंथीचा नवा तुकडा घेतला. तो मेणात बसवलेला ब्लॉक, साबणाच्या वडीच्या चतकोराएवढा, पाकिटात घालून माझ्या हातात दिला गेला. सोबत सूचना अशी, की उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नका, मेण वितळेल. मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवून संकलन केंद्रावर स्वतः नेऊन दिला आणि पावतीवर ब्लॉकचा क्रमांक लिहून घेतला. हे प्रत्येकाने करावे. ब्लॉक हरवला तर पुन्हा सुई.

या वेळी मात्र सेवेने मला प्रभावित केले. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतील विकृतिशास्त्रज्ञांचा स्वतःहून फोन आला. तुकड्यात गाठीच्या पेशी सुमारे १५ टक्केच आहेत, बाकी लसिकाग्रंथीच्या निरोगी पेशी आहेत, दुसरा ब्लॉक असेल तर पाठवा, नसेल तर आम्ही गाठीचा भाग काचेवर खुणा करून खरवडून घेतो, असे त्यांनी सांगितले. दुसरा ब्लॉक नव्हता. त्यांनी खरवडून काम भागवले आणि उशीर होईल हे आधी कळवले. इतक्या कमी पेशींत न सांगता चाचणी उरकून ‘आढळले नाही’ छापणे सहज शक्य होते. अहवालातही पेशींचे प्रमाण आणि प्रत्येक बदलाची टक्केवारी स्पष्ट होती: एक्झॉन १९ ची गळती २४ टक्के, टी७९०एम ५ टक्के.

टी७९०एम सापडले, म्हणून घरात पेढे आणायचेच बाकी राहिले. डॉक्टर मात्र त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहत होते. त्यांनी समजावले, की डीएनएच्या दर शंभर वाचनांपैकी आडनाव २४ वाचनांत आणि धाकटी शाखा ५ वाचनांत, म्हणजे घराण्यातील बऱ्याच पेशींत टी७९०एम नसण्याची शक्यता आहे. ईजीएफआर जनुकाच्या प्रती कधी कधी पेशीत वाढलेल्या असतात, त्यामुळे हा हिशेब रुपया-पैशासारखा काटेकोर धरायचा नाही, पण दिशा कळते. “या गोळीने ही शाखा बसेल. ज्यांच्यात ही नाही, त्या कशाच्या जोरावर वाढल्या, ते आपल्याला अजून ठाऊक नाही.” अहवालाच्या पहिल्या पानावर या प्रमाणाबद्दल एक शब्द नव्हता, तेथे केवळ औषधाचे नाव आणि त्यापुढे बरोबरची खूण होती.

जुलै २०२४ मध्ये ८० मिलिग्रॅम ओसिमर्टिनिब सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्रीय अर्थसंकल्पात या औषधावरील सीमाशुल्क माफ झाल्याची बातमी आली, आणि आयुष्यात प्रथमच मी अर्थसंकल्पाचे भाषण शेवटपर्यंत ऐकले. दहा महिने बरे गेले. मे २०२५ च्या स्कॅनमध्ये छातीतील ग्रंथी जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आणि यकृतातील ठिपका १.४ सेंटिमीटरवरून २.९ वर गेला होता. एकाच बाईच्या शरीरात, एकाच गोळीवर, एक ठिकाण आटत होते आणि दुसरे फुगत होते. ज्या लडीवर शेड पाहिली होती ती छातीतली होती. यकृतातले सूत कोणी तपासलेच नव्हते. गेल्या वर्षी ते लहान आणि सुईला अवघड होते हे खरे, म्हणून दोष कोणाला देता येत नाही.

तिसरी चाचणी पुन्हा रक्तावर, या वेळी अनेक जनुकांचा मोठा संच. संकलन आता सुधारले होते. योग्य नळ्या, थर्माकोलचा डबा, वेळेवर आलेला माणूस. अहवाल आल्यावर मी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच मागचा तक्ता उघडला आणि एक्झॉन १९ शोधले. या वेळी ते होते. म्हणजे नमुना घराण्यातलाच. टी७९०एम नव्हते, आणि या वेळच्या ‘नाही’ला अर्थ होता: ती शाखा गोळीने बसवली होती. ७९७ व्या जागेवरचा बदल, ज्याने ओसिमर्टिनिबला चिकटायला जागाच उरत नाही, तोही नव्हता. यादीत डीएनएमटी३ए या जनुकातील एक बदल मात्र गाठीचा बदल म्हणून छापला होता. डॉक्टरांनी पेनने त्यावर काट मारली. वय वाढले की रक्त तयार करणाऱ्या पेशींतच असे बदल होतात, आणि रक्तावरच्या चाचणीत ते गाठीच्या नावावर जमा होतात. पांढऱ्या पेशींचा डीएनए शेजारी तपासला तर हा घोळ टळतो. कंपनी तसे करत नाही, किंवा आम्ही घेतलेल्या दरात करत नाही.

यकृताच्या वाढीचे कारण या अहवालातून कळले नाही. शेवटी यकृताच्या ठिपक्यातच सुई घातली गेली, आणि त्या तुकड्यावर रुग्णालयाने केलेल्या फिश या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीत एमईटी या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या आढळल्या. ईजीएफआरचा दरवाजा बंद केला तर पेशी या बाजूच्या दाराने संदेश आत घेतात. प्रतिकाराचा हा परिचित मार्ग आहे. रक्तावरच्या चाचणीला अक्षरांतील बदल तुलनेने चांगले दिसतात, प्रतींची वाढ कमी दिसते, विशेषतः गाठीचा डीएनए थोडा असेल तेव्हा. ओसिमर्टिनिब चालू ठेवून त्यासोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो द्यायचे ठरले आणि अक्काचे तीन डोस झाले आहेत.

आता व्यवहाराच्या गोष्टी. तिन्ही चाचण्यांचा दर पाच आकड्यांत, आणि मोठ्या संचाचा तर पाच आकड्यांच्या वरच्या टोकाला. रुग्णालयात दाखल नसताना केलेली चाचणी म्हणून आमच्या मेडिक्लेमने पहिल्या दोन पावत्या परत पाठवल्या. तुकडा घेण्यासाठी दाखल करून घेतात त्याच बिलात चाचणी बसवता येते का, हे आधी विचारावे. अहवाल संपूर्ण इंग्रजीत असतो, मराठीत एक पानही नाही, आणि समुपदेशन फोनवरून, मराठी बोलणाऱ्या बाईंकडून, पण ‘क्लिअर’ हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. ज्या जिल्ह्यात बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, ज्या जिल्ह्याने गावागावांतून रुग्ण मोजायला शिकवले, तेथील माणसाला स्वतःच्या गाठीचा अहवाल स्वतःच्या भाषेत एका पानावर मिळू नये, हे मला विचित्र वाटते.

प्रयोगशाळेच्या कामाला मी पाचपैकी साडेचार देतो, अहवालाच्या मांडणीला दोन. औषध बंद पडू लागले आहे आणि पुढची गोळी ठरवायची आहे, अशा वेळी ही चाचणी जरूर करावी, नव्या तुकड्यावर करता आली तर त्याहून उत्तम. औषध व्यवस्थित लागू असताना केवळ मनाच्या समाधानासाठी दर तीन महिन्यांनी रक्त पाठवण्याचे पॅकेज कंपनी विकते. ते आम्ही घेतले नाही आणि डॉक्टरांनीही घेऊ नका म्हणून सांगितले.

पहिल्या अहवालानंतर मी कंपनीला लेखी कळवले होते, की रुग्णाचा आधीचा ज्ञात बदल नमुन्यात आहे की नाही, हे पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत छापा. दोन दिवसांत उत्तर आले की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तिसरा अहवाल त्यानंतर वर्षभराने आला. हिरव्या पट्ट्याची छटा थोडी गडद झाली होती; एक्झॉन १९ ची ओळ मला नवव्या पानावर सापडली.